अस्वलाच्या कुशीला लागलेलं जंगल

छोट्या गावांतली प्राणिसंग्रहालयं तपासायचं काम बाईंकडे आलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, प्राणी बघायला मिळतील. मिळाले ते व्यवस्थापक. एकजात सगळे कपाळावर गॉगल चढवलेले, बिस्किटांची बशी पुढे करणारे. दारात सिमेंटचा जिराफ, आतल्या कुठल्याही पिंजऱ्यापेक्षा उंच. ‘प्राण्यांना खाऊ देऊ नये’ या पाटीला टेकूनच शेंगदाण्यांची गाडी. ‘सिंह’ लिहिलेल्या पिंजऱ्यात ससे, आणि विचारलं की उत्तर तयार, “मॅडम, पाटी जुनी आहे.”

बाई जनावरांच्या डॉक्टर. तोंडाने फटकळ. पुढच्या दाराने आत जायचंच नाही, ही त्यांची पद्धत. जिथून शेण बाहेर जातं आणि खाणं आत येतं तिथून शिरायचं, आणि आधी पाण्यात हात बुडवायचा. बोटं बुळबुळली की पुढचं बघायची गरजच उरत नसे. संग्रहालयवाले आपसात त्यांना ‘मागचं दार’ म्हणत. बाईंच्या कानावर ते आलं होतं. “पुढच्या दारात तुम्ही उभे असता, मग मी दुसरीकडून कुठून येऊ?” असं त्या तोंडावर विचारत.

या खेपेच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक त्यांचा मावसभाऊ होता. आई गेल्यावर बाईंना मावशीने वाढवलं होतं, याच भावाच्या ताटाला ताट लावून. बाईंनी वरिष्ठांना स्वच्छ सांगितलं, हे नात्यातलं आहे, दुसरं कोणी पाठवा. “या उन्हात तिकडे दुसरं कोण जातंय?” म्हणत वरिष्ठांनी पंखा वाढवला.

आधीच्या तपासनिसांनी हे संग्रहालय दोनदा नापास केलं होतं. अस्वलाला जागा अपुरी, ते दिवसभर येरझाऱ्या घालतं, असं कारण. तिसऱ्यांदा नापास म्हणजे अस्वल काढून दूरच्या मोठ्या राखीव रानात न्यायचं. मग मागे उरणार ससे आणि पोपट. तेवढ्यावर भावाची खुर्ची टिकण्यातली नव्हती.

बाई रोज सकाळी देवापुढे एवढंच मागत, कुणाच्या भीतीने खोटं लिहायची वेळ आणू नकोस. त्या दिवशी हात जोडले तर डोळ्यांपुढे मावशीच आली.

त्या मागून आत शिरल्या तसा भाऊ धापा टाकत आला. “ताई, घरचंच आहे की गं. पुढून यायचंस.”

“घरी मी परसदारानेच यायचे. विसरलास?”

त्याने त्यांना प्रेक्षकांच्या कठड्याशी नेलं. अस्वलाच्या पिंजऱ्याची भिंत रंगाने हिरवीगार झाली होती. झाडं, धबधबा आणि मागच्या कोपऱ्यातून दात दाखवून हसणारं एका वाघाचं तोंड.

“वाघ कशाला?”

“पब्लिकला आवडतो.”

“आणि अस्वलाला?”

“ते तर रमलंय. बघ ना, येरझाऱ्या बंद. काल दुपारी आत कोंडून रंग मारला, संध्याकाळी सोडलं, तेव्हापासून कसं निवांत पडलंय. समाधान असतं ताई जनावरात, आपण माणसंच हावरी.”

असली वाक्यं बाईंनी पुष्कळ ऐकली होती. ती म्हणणाऱ्याचं घर नेहमी पिंजऱ्यापेक्षा मोठं असायचं.

“खाणं दाखवून आतल्या खोलीत घ्या त्याला. मला पिंजरा बघायचाय,” बाईंनी राखणदाराला सांगितलं.

अस्वल उठलं. अंगाखालची कूस वर आली. खांद्यापासून मांडीपर्यंत केस हिरवे, चिकटून जटा झालेल्या.

भाऊ म्हणाला, “लागला असेल जरा.”

अस्वलामागे आतला दरवाजा बंद झाल्यावर बाई पिंजऱ्यात शिरल्या. कठड्यावरून न दिसणाऱ्या मागच्या बाजूला, बरोबर अस्वलाच्या खांद्याच्या उंचीवर, जंगल पुसलं गेलं होतं. रुंद पट्टा, खालचं सिमेंट दिसेपर्यंत. तिथे वाघाच्या धडाला तर पायच उरले नव्हते.

“ओल्या रंगाला घासत रात्रभर चाललंय ते,” बाई म्हणाल्या. “आत्ता पडलंय ते थकून. तू एकदा तरी या बाजूला आलायस का रे?”

“माझं काम ऑफिसात असतं.” मग त्याचा आवाज उतरला. “ताई, मी आईला काय सांगू?”

“सांग, जंगल रंगवायला माणूस मिळाला, पण मागे जाऊन बघायला कुणी मिळालं नाही.”

नापासाचा शेरा त्यांनी तिथेच, त्याच्यासमोर लिहिला. त्याने ऑफिसात जाऊन त्यांच्यासाठी काढलेली बिस्किटांची बशी उचलून कपाटात ठेवली.

अस्वलाला न्यायला गाडी आली त्या दिवशीही बाई हजर होत्या. भाऊ जवळ येऊन म्हणाला, “निदान डाग तरी धुऊन न्या. तिकडचे काय म्हणतील आम्हाला?”

“म्हणू देत.”

रात्री मावशीचा फोन आला. ओरडणं नाही, रडणं नाही. “यापुढे आलीस तर पुढच्या दाराने ये. पाहुणे येतात तशी.”

सुट्टीच्या दिवशी बाई गेल्या. परसदार उघडंच होतं, तरी वळसा घालून पुढे आल्या आणि बेल वाजवली. मावशीने दार उघडलं, खुर्ची दाखवली आणि पाहुण्यांच्या काचेच्या पेल्यातून पाणी आणून ठेवलं. भाऊ आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

बाईंनी पेला हातात घेतला, सवयीने उजेडाकडे धरला, आणि मावशी बघतेय हे लक्षात आल्यावर घाईने पिऊन टाकला. पाणी स्वच्छ होतं.