दुसऱ्यांना घरं मिळवून देणारे काका

“आधी वर बघ!”

रिकाम्या घरात पाऊल टाकलं की काका पहिल्यांदा छताकडे बोट दाखवायचे. दिवा नाही, नुसत्या दोन वायरी लोंबतायत. मला जर्मनीत, इंगोलश्टाटला येऊन जेमतेम आठवडा झालेला.

“काका, चोरी झाली?” मी ओरडलोच.

“चोरी कसली! इथे भाडेकरू जाताना दिवे घेऊन जातो. आता स्वयंपाकघर बघ.”

बघितलं. ओटा नाही, कपाटं नाहीत, सिंकसुद्धा नाही. भिंतीतून पाइपाचं एक तोंड आ वासून बाहेर आलेलं. मंडळी, माझं तोंडही तसंच!

आम्हा सगळ्यांचे हे काका सांगलीचे, पन्नाशीचे, मोटारींचे गिअर तपासणारे इंजिनिअर. गावातला मोटारींचा कारखाना फुगत होता, माणसं रोज उतरत होती, घरं मात्र होती तेवढीच. आमच्या मराठी लोकांतल्या प्रत्येक नव्या माणसाला घर मिळवून द्यायचं काम काकांनी आपणहून अंगावर घेतलेलं. घरमालक वीसवीस जणांना एकदम बोलावून मुलाखती घ्यायचे. काका त्याची तालीम घ्यायचे आणि स्वतः घरमालकीण व्हायचे, मफलर पदरासारखा सावरून.

“रविवारी काय करता?”

“भिंतीत खिळे ठोकत नाही, बाई. रविवारी आवाज बंद.”

“गेनाऊ! अगदी बरोबर! आणि फोडणी?”

“म्हणजे काय असतं?”

“शाब्बास! खोटारडा कुठला!”

माझी बायको आणि तीन वर्षांची लेक पुण्यात अडकल्या होत्या. घराचा करार दाखवल्याशिवाय त्यांना व्हिसा मिळणार नव्हता. सात घरमालकांनी मला नाही म्हटलं. पेपरातली जाहिरात पाहून आठव्या घराच्या जिन्यात मी रांगेत उभा होतो, तर खालून काका आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल.

“तू? इथे?” ते एक पायरी खालीच थांबले.

मी हात जोडले. “काका, हे गेलं तर त्या दोघी यंदा येत नाहीत.”

तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या. त्या तोंड उघडणार, एवढ्यात “आल्झो, हे बघा, जरा बोलायचंय,” म्हणत काका त्यांना आत घेऊन गेले. पाच मिनिटांनी बाई बाहेर आल्या आणि रांगेतून नेमकं माझ्याकडे बोट केलं.

मी जिन्यातच नाचलो! काका माझी शिफारस करायला आले, असं मी गावभर सांगितलं.

किल्ल्या देताना बाई म्हणाल्या, “तुमचे मित्र विचित्रच. घर मी त्यांना दिलं होतं. त्या दिवशी ते सही करायला आले होते. घर गेलं, हे सांगायलाच मी बाहेर आले होते.”

पुढचंही बाईंनीच सांगितलं. काकांच्या मालकाला त्याच्या मुलासाठी जागा हवी होती. महिनाअखेर त्यांना घर सोडायचं होतं. आम्हा कुणाला पत्ता नव्हता.

मी धावत गेलो. दार बंद, घंटीवरची नावाची चिठ्ठी काढलेली. शेजारीण म्हणाली, काका-काकू दोघं लांब र्युसेल्सहाइम गावी गेले, बदली मागून घेऊन.

फोन लावला. “काका, मला सांगायचं होतंत!”

“सांगितलं असतं तर?”

मंडळी, खरं सांगतो, तरीही मी घर घेतलं असतं. त्यांनाही ते कळलं असावं.

“बरं, ते सोड,” काका म्हणाले. “मागच्या खोलीत दुपारी छान ऊन येतं. खिडकीपाशी लेकीचा पलंग लाव. तुझी काकू तिथे शिवणयंत्र ठेवणार होती.”