गाळलेलं वाक्य

जगदेवीला गुंडेराव ओळखत होते असं म्हणणं धाडसाचं होईल. तिला मुलं किती, नवरा कधी गेला, हे त्यांनी कधी विचारलंच नाही. मादन हिप्परग्याच्या शिवारात ती चाळीसेक मेंढ्या राखायची आणि उन्हाळ्यात खतासाठी लोकांच्या रानांत बसवायची, एवढंच ठाऊक.

त्या फाल्गुनात बसवंतप्पानं आपल्या रानातून ओढ्याकडं जाणाऱ्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं. दुसरं पाणी दोन कोसांवर, कोकरं तिथवर टिकली नसती. शुक्रवारी ग्रामसभा होती. जगदेवीला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती गुंडेरावांच्या ओसरीवर आली. कचेरीबाहेर बसून त्यांनी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले होते. सवयीनं त्यांनी ‘मेहरबान, गरीबपरवर’पासून सुरुवात केली, पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय, मुक्या जिवांचे तळतळाट, सगळं घातलं आणि वाचून दाखवलं.

“हे रडगाणं कामून, अप्पा?” ती म्हणाली. “पयलं लिवा, औंदा माझ्या मेंढ्यांनी बसवंतप्पाच्या तुरीच्या सहा ओळी खाल्ल्या.”

गुंडेरावांनी लेखणी खाली ठेवली. “आपला गुन्हा आपणच सांगायचा?”

“तो उठून हेच म्हननार. आपन आदी म्हनलं तर म्होरलं लोक ऐकतील.”

मग बोटांवर मोजत तिनं सांगितलं, गेल्या उन्हाळ्यात कोणाच्या रानात किती दिवस मेंढ्या बसल्या. त्यात बसवंतप्पाचंही रान होतं. वाट दिवसातून दोनदाच लागेल. मेंढ्या पिकात शिरू नयेत म्हणून दोन्ही अंगांना बोराटीच्या काट्यांचं कुंपण ती स्वतः घालेल.

गुंडेरावांनी सगळं उतरवलं. नक्कल करताना मात्र तुरीचं वाक्य गुपचूप गाळलं. तिच्याच भल्यासाठी, असं त्यांनी मनाला सांगितलं.

सभेत ते वाचायला उभे राहिले. दुसऱ्याच ओळीला जगदेवीनं मान वर केली. ती त्यांच्याकडं बघत राहिली. तिकडे बसवंतप्पा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला होता. गुंडेरावांनी त्याच्याकडं पाहिलं. पुढं वाचावं तर तिची वाट जाणार, थांबावं तर गावासमोर आपली लबाडी उघडी पडणार.

त्यांनी कागद खाली केला.

“एक वाक्य मी गाळलंय. तिनं सांगितलं होतं,” ते म्हणाले, आणि तुरीचं वाक्य तोंडानं सांगितलं.

बसवंतप्पा उभा राहिला.

“सहा न्हाई, चार,” तो म्हणाला आणि खाली बसला.

बाकीचा अर्ज लोकांनी शेवटपर्यंत ऐकला. रविवारी बसवंतप्पानं वाटेपुरती तार कापली.

जगदेवीनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. वैशाखात ती तापानं कलबुर्गीच्या दवाखान्यात गेली ती परत आली नाही. त्याच्या चार दिवस आधी ती गुंडेरावांना त्याच वाटेच्या तोंडाशी शेवटची भेटली होती.

“कुटं जायलाव, अप्पा?”

“बाजारला. तेल संपलंय.”

“ऊन लई हाय. डोक्यावर काईतरी घ्यायचं व्हतं.”

“जवळच तर आहे.”

“व्हय. सावकाश जावा.”