आबांच्या कट्यारीची धार

आमच्या देवासच्या घरी खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. शस्त्रं म्हणजे पणजोबांच्या दरबारी नोकरीतली तलवार, बाबांचा पाना-पक्कड, मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून माझी कंपासपेटी, आणि माझ्या आजोबांची, म्हणजे आबांची, कट्यार. ती आबांनी दुसऱ्या महायुद्धातून आणली, हे घरात सगळ्यांना पाठ. दीड वीत लांब, दुधारी, मुठीवर पक्ष्याचं डोकं. पक्षी म्हणजे गरुड आणि गरुड म्हणजे विष्णूचं वाहन, तेव्हा त्याला दरवर्षी गंध लागायचं. आदल्या दिवशी बायकांनी ती चिंच आणि राख लावून लख्ख घासायची आणि दुसऱ्या दिवशी पुरुषांनी सोवळं नेसून पुजायची. ही वाटणी मला लहानपणापासून डाचते, पण तो विषय वेगळा.

नवमीला बळी म्हणून कोहळा कापतात. तो कायम तलवारीने कापला जाई. कट्यार आबा कोहळ्याच्या जवळ येऊ देत नसत. "ती राहू दे," एवढंच म्हणत. त्यावरून घरातल्या बायकांनी ठरवून टाकलं की तिला माणसाचं रक्त लागलंय, आता तिला कोहळ्याचं काय कौतुक! आबांनी यावर कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते आपले अडकित्त्याने सुपारी कातरत बसत. त्यांच्या मौनाची भरपाई बाबा तरुणपणापासूनच करत आले. दसऱ्याला सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते जर्मन अफसराची गोष्ट सांगत. बर्फ, अंधार, खंदक आणि समोरासमोर गाठ. दरवर्षी त्या अफसराची उंची थोडी वाढायची. मोहल्ल्यातले लोक मान हलवत आणि चहा पीत.

बाबांची थोरली बहीण, माझ्या आत्याबाई, धारला दिलेल्या. ऐंशी ओलांडली तरी आवाज खणखणीत, भाजीवाल्याशी भाव करतात तो पलीकडच्या गल्लीत ऐकू येतो. मागच्या भाद्रपदात त्यांचा फोन आला, आणि आवाज इतका खाली की मी आधी ओळखलाच नाही.

"ऐक, तू सायन्सवाली आहेस ना? मग मला एक पक्कं पता करून दे. आबांनी त्या कट्यारीने माणूस मारला होता का?"

मी म्हटलं, "आत्याबाई, आता कशाला ते?"

"आता नाही तर केव्हा? वर गेल्यावर आबा भेटतील, तेव्हा त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला पाहिजे मला."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. आबा लढाईवर गेले तेव्हा त्या पाळण्यात होत्या. ते परत आले तेव्हा दारात एक अनोळखी, काळाठिक्कर पडलेला माणूस उभा, आणि त्याच्या कमरेला ती कट्यार. आई म्हणाली, हे तुझे वडील. त्या आईच्या मागे लपल्या. पुढे घरातल्या बायकांचं बोलणं कानावर पडलं आणि भीती मनात घर करून बसली. "त्यांनी घास भरवायला हात पुढे केला ना, की मला तो हात दिसायचा," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या पंगतीला कधी शेजारी बसले नाही गं."

मी हे बाबांना सांगितलं नाही. फक्त कट्यार कुणा जाणकाराला दाखवते म्हटलं, तर ते एकदम उखडले. "काय जरूरत आहे? घरची चीज घरात राहू दे." बाबा एरवी मला भांडायला पुरेसा वेळ देतात, त्या दिवशी मात्र पेपर तोंडासमोर धरून बसले. मला वाटलं, गोष्टीतला अफसर हातचा जाईल म्हणून घाबरलेत.

आधी मी फोटो काढून मोबाइलवरच्या एका ग्रुपवर टाकले. जुन्या हत्यारांचे शौकीन तिथे जमतात. अर्ध्या तासात एकाने ती पेशव्यांच्या काळातली ठरवली, दुसऱ्याने अफगाणी, आणि तिसऱ्याने विकणार का म्हणून विचारलं. शेवटी एका सहकारी बाईंच्या ओळखीने महूला एका निवृत्त कर्नलसाहेबांकडे जायचं ठरलं. कट्यार टॉवेलात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातली, वर पोह्यांचा डबा ठेवला आणि बसने निघाले. इंदूरला बस बदलताना पोलीस दिसला की मी उगाच डबा उघडून बघत होते.

कर्नलसाहेबांनी टॉवेल सोडला आणि मुठीकडे बघून लगेच हसले. "ये इटली की है. अफसरों की. ये उनका ईगल है."

"हमारे यहाँ गरुड है," मी म्हटलं. तो झिजून झिजून आता पोपटासारखा दिसतो, हे मी बोलले नाही.

पात्याच्या मुळाशी कारखान्याचा शिक्का असतो म्हणून त्यांनी भिंग लावलं. तिथे काही नव्हतं, आरशासारखं गुळगुळीत. "इसको किसने इतना घिसा?" त्यांनी विचारलं. आता काय सांगणार? तीन पिढ्यांच्या बायकांनी चिंच लावून भक्तिभावाने पुरावा पुसून टाकला होता, त्यात मीही होते. कुठल्या कारखान्याची, कुठल्या सालची, हे आता कोणीच सांगू शकणार नाही, असं ते म्हणाले.

मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी पातं आडवं धरून माझा अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला. कड सपाट होती, पट्टीसारखी. एका बाजूने नाही, दोन्ही बाजूंनी, टोकापर्यंत. ही बोथट झालेली नव्हती. हिला धार कधी लावलीच नव्हती. ही परेडला गणवेशावर लटकवायची शोभेची वस्तू, हिने भाकरीला लोणीसुद्धा धड लागणार नाही. इटलीची फौज शरण आली तेव्हा अशा वस्तूंचे ढीग पडले होते, शिपाई सिगारेटच्या बदल्यात घेत. आमचे आबा तिथे खच्चरांच्या तुकडीत होते, डोंगरावर रसद चढवायला. खच्चरांचं नाव आमच्या घरात कोणी फार मोठ्याने घेत नसे. कर्नलसाहेबांनी प्रामाणिकपणे हेही सांगितलं, की तुमच्या आजोबांनी लढाईत काय केलं ते मला माहीत नाही, पण हिने काही केलेलं नाही.

मी देवासला न परतता तिथूनच धारची बस धरली. आत्याबाई पलंगावर बसल्या होत्या. कट्यार बघून त्यांनी हात पदरात घेतले. मी हट्टाने त्यांचा अंगठा धरला आणि कडेवरून फिरवला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. सगळं सांगितलं.

त्यांनी आपण होऊन अंगठा पुन्हा एकदा कडेवरून फिरवला. मग म्हणाल्या, "बाळला फोन लाव." बाळ म्हणजे माझे बाबा, वय सत्त्याहत्तर.

मी फोन स्पीकरवर ठेवला. आत्याबाई म्हणाल्या, "बाळ, ऐकलंस का? कट्यारीला धारच नाही."

बाबा म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे म्हणजे?"

"लहानपणी मी आबांची नजर चुकवून तिने कोहळा कापायला गेलो होतो. घसरतच राहिली. आबांनी पकडलं. रागावले नाहीत, हसले. म्हणाले, बाजारात घेतलेली आहे, चांगली दिसली म्हणून. कोणाला बोलू नकोस, लोक मान देतात. तुला काय सांगायचं अक्का? तुला बापाचा अभिमान होता."

"अभिमान?" आत्याबाईंचा खणखणीत आवाज परत आला. "अरे, मी भीत होते त्यांना! जन्मभर भीत होते. तू त्या अफसराच्या गोष्टी सांगायचास आणि मी त्यांच्याजवळ बसत नव्हते!"

मला बाबांचा इतका राग आला की फोन बंद करावासा वाटला. पण त्यांचा श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, जड.

"अक्का," ते म्हणाले, "आबा मला विचारायचे. अगदी शेवटच्या आजारातसुद्धा विचारलं, ही पोर माझ्यापासून लांब का राहते रे?"

आत्याबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, ती लाजते."