दाजींचा सायलेन्सर

आमच्या दाजींइतका आवाजावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात झाला नाही. दाजी म्हणजे आमच्या अक्काचे यजमान, कुर्डुवाडीला रेल्वेत फिटर. त्यांना हळू असं काही करताच येत नसे. शिंकले की शेजारचं पोर रडत उठे. बुक्कीनं कांदा फोडायला बसले, तर ताटातली शेंगाचटणी उडून पलीकडच्या ताटात जाई. स्टेशनाबाहेर चहा पिता पिता नुसत्या इंजिनाच्या शिट्टीवरून ड्रायव्हर ओळखत आणि वर सांगत, "ह्यो आज घरनं भांडून आलाय बगा." चौकशी केली तर ते खरं निघायचं!

पण त्यांनी आपल्या जुन्या फटफटीचा आवाज वाढवायला घेतला, तो काही नुसत्या हौसेखातर नव्हे. त्याला कारण आमचे वडील. अप्पांचं सोलापुरात नव्या पेठेत कापडाचं दुकान आणि मागच्या बोळात घर. अक्कासाठी त्यांनी एक पेढीवालं स्थळ हेरून ठेवलं होतं, आणि तिनं पसंत केला नखात ग्रीस असलेला माणूस. अप्पांच्या मनातनं ते काही केल्या जाईना. लग्न लावून दिलं, मानपान केले, कशात म्हणून कमी केलं नाही. फक्त जावई आला की सासऱ्यानं उठून दारात यावं, 'या' म्हणावं, तेवढं सोडून. दाजी यायच्या वेळेला अप्पा नेमके पूजेला बसलेले असायचे. तासाभरानं बाहेर येऊन म्हणायचे, "अरे, कधी आलात? कळलंच नाही की!" दोन वर्षं हेच चाललं होतं. अक्का ओठ चावून स्वयंपाकघरात निघून जायची.

दुसरा एखादा रुसून बसला असता, सासरची पायरी चढला नसता. दाजी कसले रुसतात! मला बाजूला घेऊन म्हणाले, "मामांस्नी कळत न्हाय म्हंत्यात न्हवं? मग कळंल आसं करू की! मी पुणे नाक्यावर आलो की हितं मांडणीवरची भांडी हालली पाय्जेत."

आणि लागले की कामाला! आधी सायलेन्सरच्या पोटातली जाळीची नळी काढून टाकली. गाडी घसा खाकरल्यासारखी बोलायला लागली. अप्पांना कळलं नाही. मग सायलेन्सरचं शेपूट कापलं. आता आमच्या बोळातली म्हैस दावं तोडायला बघायची, पण अप्पांना कळलं नाही. शेवटी दाजींनी अख्खा सायलेन्सरच उतरवला आणि इंजिनाला नुसता सरळ पाइप जोडला. गॅरेजवाले रशीदभाई हात जोडून म्हणाले, "अब इससे ज्यादा खोले तो इंजनच रस्ते पे गिरेगा, भाई!"

त्या दिवशी मागच्या सीटवर बसायला मिळावं म्हणून मी कॉलेज बुडवून मुद्दाम कुर्डुवाडीला गेलो होतो. काय सांगू तुम्हाला! रस्त्याकडेचे बैल उधळत होते, माणसं काम टाकून बांधावर येत होती, माझे दात एकमेकांवर वाजत होते. दाजी मागं वळून काहीतरी ओरडायचे, मी ओरडून उत्तर द्यायचो, कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही आणि दोघंही खदाखदा हसायचो. बोळात शिरून दाजींनी गाडी बंद केली, तेव्हा पाइपातून असा काही बार उडाला की दुकानातल्या नोकराच्या हातून कापडाचं ठाण सुटलं आणि पायरीपर्यंत उलगडत आलं. सगळी पेठ दारात आली. आई आली, आदल्या दिवशीच माहेरी आलेली अक्का आली. अप्पा आले नाहीत.

तासाभरानं पूजा आटोपून आले आणि शांतपणे म्हणाले, "अरे, कधी आलात? कळलंच नाही की!" आम्ही बघतच राहिलो. अप्पांच्या दोन्ही कानांत कापसाचे हे एवढाले बोळे होते! काढायचे विसरले होते बिचारे. दाजींना कोण आनंद झाला! मला जवळ ओढून कुजबुजले, म्हणजे पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं, "आरं, बोळं घालून बसल्यात! म्हंजे मी येणार ह्ये आदीच ठावं व्हतं की! लई वाट बगत्यात माजी!" अक्का मात्र हसली नाही. "दारात आले का? नाही ना?" एवढंच म्हणाली.

पुढच्या वर्षी अक्का बाळंतपणाला आली आणि तिला मुलगी झाली. दाजी रविवारी बघायला येणार होते. नऊ वाजले, दहा वाजले, फटफटीचा पत्ता नाही. त्या दिवशी अप्पांनी पूजा पहाटेच उरकली होती. "निरोपबिरोप आहे का रे?" असं मला दोनदा विचारून झालं. अकराच्या सुमाराला ते जे उंबऱ्यात जाऊन उभे राहिले, ते हलेचनात.

आणि बोळाच्या तोंडाशी दाजी दिसले. गाडी ढकलत येत होते! पार पुणे नाक्यावर इंजिन बंद करून, भर उन्हात, सगळी पेठ तुडवत. घामानं निथळत होते.

"गाडी बिघडली काय?" अप्पांनी विचारलं.

"न्हाय मामा. लेक निजली आसंल," दाजी धापा टाकत म्हणाले. "जागी व्हईल की."

अप्पा मग अनवाणीच पायरी उतरून बोळात गेले आणि म्हणाले, "या. या, जावईबापू."

दाजी मान खाली घालून हँडल घट्ट धरून उभे राहिले. अप्पांनी मागं जाऊन सीटला दोन्ही हात लावले आणि गाडी पायरीकडं ढकलायला सुरुवात केली. पाइपाचं काळं त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराला लागत होतं.

"मामा, धोतर!"

"असू दे. हळू बोला. तुमी फुडं बघा."

दोघंही आता नाहीत. तेव्हा मदतीला धावायचं काम खरं म्हणजे माझं होतं, पण मी चौकटीला धरून तसाच उभा राहिलो. त्याचं मला अजून बरं वाटतं.