तिसऱ्या मजल्याचा जिना

सत्तर सालानंतर सांगलीत मालकीचे ब्लॉक बांधले जाऊ लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका ब्लॉकात मी खोल्यांची मापं घेत होतो, तेव्हा एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं हाक मारली.

"आवं सायेब, जरा हात लावता का?"

तो खुर्चीवर बसला होता. बायको पायांनी अधू. तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यायला या जिन्यानं उतरवता येईल का, हे त्याला ब्लॉक घ्यायच्या आधी स्वतः खुर्चीत बसून बघायचं होतं. वॉचमननं आणि मी खुर्ची उचलली. पहिल्याच वळणावर तो घाबरून ओरडला, "थांबा!"

"मामा, तळमजला घ्या की," मी म्हणालो.

"तिथनं नदी दिसत न्हाई. तिला नदी बघायची हाय. आता माझं तोंड जिन्याच्या वरच्या अंगाला करून धरा."

तसं उतरवताना तो घाबरला नाही. खाली आल्यावर म्हणाला, "हाच घेतो. निघताना तिला घर दिसत ऱ्हाईल."