दोन हातांचं कुलूप

"आणि सरकार, आत तुम्हालाच काही झालं तर?"

"मला काय होणार आहे?"

"नाही, म्हणजे माणूस आहे. ताप भरतो, चक्कर येते, पाय घसरतो. मग बाहेरच्यानं दार उघडायचं कसं?"

"बाहेरच्यानं उघडायचंच नाही! एवढ्यासाठीच तर तुला बोलावलं. का दुसरा कुणी बघू?"

कुलूपवाल्यानं जीभ आवरली. दुसरा बघू म्हणजे नुसतं काम जाणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. सरकारांच्या तोंडून असला प्रश्न आला की तो प्रश्न नसायचा.

त्याला सगळा गाव कानशा म्हणायचा. हातात कायम कानस, म्हणून कानशा. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. उजव्या अंगठ्याचं नख काळंठिक्कर, बोटांना तेलाचा वास, आणि बोलताना डोळे समोरच्या माणसावर नाही, त्याच्या दाराच्या कडीवर. कुणाकडे बारशाला गेला तरी आधी बिजागरी हलवून बघणार आणि मग बाळ. बापाकडून त्याला दोनच गोष्टी मिळाल्या होत्या, एक ऐरण आणि एक रीत. दाराचं कुलूप झालं की ते दुकानाच्या मागच्या खोलीला बसवायचं. आपण आत कोंडून घ्यायचं, बाहेरून बायकोनं उघडायचं. मग बायको आत, आपण बाहेर. दोन्हीकडून उघडलं तरच ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं.

"निम्मा संसार तुम्हाला कोंडण्यात गेला माझा," बायको म्हणायची. "आणि दर वेळी उघडलं, हीच माझी चूक."

सरकारांच्या डोक्यात हे दाराचं खूळ शिरलं एका भविष्य सांगणाऱ्यामुळं. त्यानं भर दरबारात सांगून टाकलं की तुमचं मरण येईल ते दारातून येईल. एवढं बोलून त्यानं बिदागी घेतली आणि शहाण्यासारखा मुलूख सोडून गेला. सरकारांनी आयुष्यात कुणाचं काही ऐकून घेतलं नव्हतं, ते नशिबाचं काय ऐकून घेणार! दारातून येणार ना? मग दारंच ठेवायची नाहीत. महालातली सगळी दारं उखडून काढली. मुदपाकखान्यापासून न्हाणीघरापर्यंत नुसते पडदे. वारं सुटलं की सगळा महाल फडफडायचा, स्वयंपाक्याच्या दुधात गावभरची मांजरं तोंड घालायची, आणि न्हाणीघरातला माणूस आत आहे हे कळावं म्हणून मोठमोठ्यानं गात बसायचा. हसायची सोय मात्र कुणाला नव्हती.

पण उघड्यावर सरकारांना झोप येईना. पडदा हलला की उठून बसायचे. शेवटी निजायच्या खोलीला एक दार ठेवायचं ठरलं. लोखंडी पत्र्याचं, दगडी भिंतीत बसवलेलं. खिडक्या चिणून घेतल्या. वाऱ्यापुरती दाराच्या वर चार भोकं. आणि कुलूप असं, की बाहेरून किल्लीचं भोकच नाही.

"आणि एका हातानं उघडता कामा नये," सरकार म्हणाले. "मी झोपेत चालतो म्हणतात. झोपेत मीच जाऊन उघडलं म्हणजे? डाव्या हातानं खटका दाबून धरायचा, उजव्यानं चाक फिरवायचं. दोन्ही एकदम. जागा माणूसच करू शकेल असं."

कानशानं तसंच केलं. खटका आणि चाक यांच्यात हातभर अंतर ठेवलं. सरकारांनी चार वेळा लावून उघडून बघितलं आणि लहान मुलासारखे खूश झाले. कानशा म्हणाला, "सरकार, आमची एक रीत आहे. बाहेरूनही..." सरकारांनी नुसतं बघितलं. कानशानं हत्यारं गोळा केली आणि घरी आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं न पारखलेलं कुलूप दिलं होतं. त्या दिवशी त्यानं जेवताना दोनदा मीठ मागितलं आणि दोन्हीदा घातलंच नाही.

मग हुकूम सुटला. त्या दाराला बाहेरून जो हात लावेल, त्याचा तो हात मनगटापासून उतरवायचा. आणि आतून सरकारांचा आवाज आला, उघडा म्हणाले, तरी ऐकायचं नाही. आवाज कुणीही काढतो. गळ्याला सुरी लावून काढायला लावतो. "मी धड असलो तर माझा मी उघडेन," सरकारांनी पहारेकऱ्यांना बजावलं. एका नव्या पहारेकऱ्यानं टेकायला म्हणून दारावर तळवा ठेवला. तो आता डाव्या हातानं जेवतो.

उन्हाळा उतरत आला होता तेव्हाची गोष्ट. शेजारची मावशी आपल्या पेटीचं कुलूप घेऊन दुकानात बसली होती. किल्ली आत फिरे, पण कडी सुटेना. कानशा कुलूप कानाशी धरून हलवत होता, तेवढ्यात दोन पहारेकरी दारात उभे राहिले.

"चल. हत्यारं घे."

"कुठली?"

"सगळी."

बायको आतून हात पुसत आली. पहारेकऱ्यांच्या चेहऱ्यांकडे तिनं बघितलं. पिशवीत लोखंड कापायची करवत तिनंच टाकली. मग नवऱ्याचा उजवा हात एकदा धरला, पारखल्यासारखा, आणि सोडला.

"मावशी, बसा," कानशा म्हणाला. "आलोच."

"ये बाबा. माझी लुगडी त्या पेटीतच आहेत."

महालात पडदे हलत होते आणि माणसं बोलत नव्हती. निजायच्या खोलीपुढं जमादार उभा होता. वैद्य भिंतीला टेकून घाम पुसत होते. सरकारांचे धाकटे भाऊ खुर्ची मागवून तिच्यावर बसले होते. दुपारी सरकार आत निजायला गेले, ते नेहमीच्या वेळेला उठले नाहीत. मग काहीतरी पडल्याचा आवाज झाला. आणि आता वरच्या भोकांतून एक जड, घसरता आवाज येत होता.

"हात... हलत नाही... उघडा..."

"कुठला हात?" कानशानं ओरडून विचारलं.

"डावा... डावी बाजू सगळी..."

खटका डावीकडं होता. आतून चाक फिरल्याचा आवाज येत होता. फिरायचं आणि परत जागेवर. फिरायचं आणि परत जागेवर. ते चाक इतकं हलकं चालावं म्हणून त्यानंच आठवडाभर घासलं होतं.

"अर्धांग आहे," वैद्य पुटपुटले. "लवकर आत गेलं तर काही करता येईल. उशीर झाला तर नाही."

जमादारानं कानशाचं बखोट धरलं. "उघड."

"बाहेरून उघडत नाही, जमादार. मी केलं म्हणून मला उघडेल असं नाही. पत्रा कापायचा, मधला अडसर कापायचा. दिवे लागायच्या आत होईल. पण दाराला हात लावावा लागेल."

पहारेकरी दारापासून एक पाऊल मागं सरले.

"तर मग लावू का?" कानशा म्हणाला. "कुणीतरी हो म्हणा."

जमादारानं वैद्यांकडे बघितलं. वैद्य म्हणाले, "मी नाडी बघतो. दारं माझ्याकडं नाहीत."

जमादारानं धाकट्या सरकारांकडे बघितलं. धाकट्या सरकारांनी अंगरख्यावरची धूळ झटकली. "दादांचा शब्द म्हणजे शब्द. उद्या बरे होऊन बाहेर आले आणि हुकूम कुणी मोडला म्हणून विचारलं तर? मी नाही बाबा सांगणार."

"अहो, ते स्वतः सांगतायत!" कानशा म्हणाला. "ऐका की!"

"उघड..." आतून आवाज आला.

"तेच तर ऐकायचं नाही असा हुकूम आहे," जमादार म्हणाला. तो खरंच तसं म्हणाला.

दार उघडलं तर हात जाणार. नाही उघडलं आणि सरकार गेले, तर कुलूप कुणाचं, हा पहिला सवाल निघणार, आणि मग नुसता हात घेऊन भागायचं नाही. तरी त्याला त्या घडीला टोचत होतं ते वेगळंच. ते चाक. फिरायचं आणि परत जागेवर. आत एक माणूस त्याच्या न पारखलेल्या कुलपाशी झटत होता.

त्यानं करवत काढली आणि डावा तळवा दारावर ठेवला.

"ए!" जमादार ओरडला.

"हात घ्यायचा तर मागनं घ्या. आत्ता मला लागतोय."

पत्र्यावर करवत करकरली. लोखंडाचा कीस खाली पडू लागला. पहारेकरी जमादाराकडे बघत राहिले. जमादार जागचा हलला नाही, आणि कानशाला वाटलं, निभावलं. करवत बोटभर आत गेली. दोन बोटं गेली.

"जमादार," धाकटे सरकार शांतपणे म्हणाले. "हुकूम."

चौघा पहारेकऱ्यांनी कानशाला ओढून खाली पाडलं. त्याचे हात फरशीवर दाबून धरले. जमादारानं तलवार काढली. "कुठला लावला होता? डावा की उजवा?"

"दोन्ही लागतात," कानशा म्हणाला. "करवत एका हातानं चालत नाही."

जमादारानं तलवार उचलली. तेवढ्यात भोकांतून आवाज आला.

"कानशा... थांबलास का रे?"

चाक एकदा फिरलं. अर्धंच फिरलं. परत जागेवर आल्याचा आवाज काही आला नाही. फरशीला गाल लावून पडलेला कानशा वाट बघत होता, तलवारीची नाही, त्या आवाजाची. पडदे तेवढे फडफडत राहिले.

"थांब जमादार," धाकटे सरकार खुर्चीतून उठले. भोकांखाली जाऊन त्यांनी कान दिला, चांगला सावकाश. मग वळून म्हणाले, "ज्याचा हुकूम होता तो आता राहिला नाही असं दिसतं. सोडा त्याला. आता काप रे."

कानशानं कापलं. ज्यांनी त्याला पाडलं होतं त्यांनीच पत्रा धरला. अडसर तुटला तेव्हा दार आत सरकेना, कारण सरकार त्याला टेकूनच पडले होते. उजवी बोटं चाकात अडकलेली होती. वैद्यांनी नाडी बघितली आणि मान हलवली. सगळ्या महालात एकच दार राहिलं होतं, त्याच्याच पायाशी ते पडले होते.

रडारड सुरू झाली तसा कानशा हत्यारं भरून निघाला. धाकट्या सरकारांनी त्याला पडद्याआड घेतलं.

"भविष्यवाल्यानं जाता जाता मलाही सांगितलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "माझं मरण घरच्याच माणसाच्या हातून म्हणे. मला असंच दार पाहिजे. बाहेरून कुणाला उघडता येणार नाही असं. फक्त एका हाताचं कर."

कानशाच्या जिभेवर प्रश्न आलाच. "सरकार, आत तुम्हालाच..."

धाकट्या सरकारांची नजर त्याच्या मनगटावर गेली आणि तिथंच राहिली.

"...करतो," कानशा म्हणाला.

घरी बायको दारातच उभी होती. तिनं आधी दोन्ही हात बघितले, मग तोंड बघितलं, मग आत जाऊन पाणी आणलं.

"गेले?"

"गेले. आता धाकट्यांना पाहिजे. तसंच."

"आणि पारखायचं?"

"नको म्हणतील."

"म्हणू देत. आपल्या मागच्या खोलीत काय चालतं ते कोण बघायला येतंय? कुलपाला बाहेरून एक छुपा खटका ठेवा. तुम्ही आत बसा, मी बाहेरून उघडीन. कसं उघडायचं ते मला एकटीला ठाऊक असू दे."

कानशानं तिच्याकडे बघितलं. "सापडलं तर माझा एकट्याचा हात जायचा नाही मग."

"तर काय झालं? दोन हातांचं कुलूप केलंत ना? एक माझा धरा."

मावशी बाकावर पेंगली होती, ती बोलण्यानं जागी झाली. "आलास का? केवढा उशीर! काय, हत्तीच्या सोंडेला कुलूप लावत होतास?"

"तसंच काहीसं, मावशी."

त्यानं पेटीचं कुलूप पुन्हा कानाशी धरलं. आतली पट्टी वाकली होती. पातळ कानस काढून त्यानं ती घासायला घेतली. पहिल्यांदा कानस निसटली. त्यानं अंगठ्यावर फुंकर घातली, कुलूप मांडीत घट्ट धरलं, आणि परत घासू लागला.