महोगनीवर बसून पाहावं

पुढची खोली रात्रभर बंद राहिली की सकाळी दार उघडताना तेल पाजलेल्या लाकडाचा उबदार, किंचित गोडसर वास अंगावर येतो आणि मी दारातच थबकतो. बायको म्हणते, चहा गार होतोय. होऊ दे की! स्वतःच्याच हट्टाचा वास घेत उभं राहण्याचं सुख किती जणांना लाभतं?

हा हट्ट जन्मला पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये. तिथली जमीन सिमेंटची. थंडीत पाऊल टेकवलं की गारठा थेट कवटीत जायचा. त्या जमिनीवर आई रोज पहाटे पांढरं लुगडं नेसून मूर्तीसमोर वंदनेला बसायची. एका हिवाळ्यात ती बसली आणि तिला उठताच येईना. डॉक्टरांनी गार जमीन बंद केली, खुर्ची सांगितली. आईनं खुर्चीकडे असं पाहिलं, जणू मी घरात उंट आणून बांधला होता. "मूर्ती चौरंगावर अन् मी खुर्चीवर? शोभते का बाबू?" सतरंजीतून गारठा वर यायचा, गादीवर तिचा तोल जायचा. शेवटी ती उभ्यानंच, भिंतीला धरून वंदना उरकू लागली. जन्मात काही न उरकलेल्या बाईचं ते उरकणं मला ऐकवेना.

तेव्हा जवळच मरोद्याला आमचं स्वतःचं घर बांधून होत आलं होतं. आई जमीन सोडणार नसेल, तर जमीनच बदलायची, मी जाहीर केलं. एका खोलीपुरती का होईना, पण लाकडाची, महोगनीची!

बाबांची उभी नोकरी प्लांटमध्ये, वितळत्या लोखंडासमोर गेलेली. त्यांना लाकूड म्हणजे जळण. "सारी कॉलनी टाइल्स लावून राहिली, अन् तू कावून जंगल आणून राहिला घरात? वाळवी खाऊन टाकीन."

"मग तुम्ही पहारा द्या ना बाबा. रिटायर माणसाले दुसरं काम काय?"

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. मी मात्र आईला स्कूटरवर मागे बसवून दुकान गाठलं. दुकानदार धावत आला, "माताजी, कुर्सी लीजिए!" आई म्हणाली, "कुर्सी नको रे भैया, जमीन दाखव." मग माझ्या हुकमावरून त्यानं तीन प्रकारच्या फळ्या जोडून मांडल्या, आणि आई चपला काढून, माझा हात धरून, भर दुकानात मांडी घालून बसली. गिऱ्हाइकं गोळा झाली. मला तर तिकीट लावावंसं वाटत होतं! पहिल्या फळीवर नुसता महोगनीचा रंग होता. "हे त गार लागते." दुसरीवर महोगनीचा पातळ पापुद्रा. "बरं आहे, पण आतून पोकळ वाटते." तिसरी अस्सल, भरीव. तिच्यावर ती बसली आणि तिनं डोळे मिटले. मी दुकानदाराला डोळ्यांनीच सांगितलं, हीच.

खोली तयार झाली. पहिल्या पहाटे मी ऐटीत डोकावलो, तर साऱ्या लाकडावर जाड पारदर्शक प्लास्टिक! आमच्याकडे नवी वस्तू म्हणजे झाकायची. फ्रिजला झालर, रिमोटला पिशवी. आईनं बाजारातून गुपचूप प्लास्टिक आणून अंथरलं होतं, आणि त्या बर्फगार पसाऱ्यावर ती पुन्हा भिंतीला धरून उभी होती.

मी तोंड उघडणार, तोच मागून बाबा आले. "अवं, हे लाकूड तुह्यासाठी आणलं का प्लास्टिकसाठी?"

"खराब झालं त? किती हौसेनं आणलं पोट्ट्यानं!"

"होऊ दे खराब. आपण दोघं नाही झालो का?"

आणि ज्या माणसानं या लाकडाला जळण म्हटलं होतं, त्यानं वाकून, कण्हत, ते प्लास्टिक कोपऱ्यापासून गुंडाळत नेलं. मग आईला हात दिला. ती बसली. तिचा आवाज लागला, सावकाश, प्रत्येक शब्दाला त्याची जागा देत. बाबा दाराशी तसेच उभे राहिले.

आता ती बसते तिथली चकाकी गेलीय. हातभर जागा मंद पडलीय, तळहातासारखी मऊ. पॉलिशवाला म्हणतो, एका दिवसात नवी करून देतो. मी त्याला चहा पाजतो आणि परत पाठवतो. पुढे कधीतरी ही खोली पहाटे गप्प असेल, हे मला कळतं. त्या दिवशी कुणीतरी बसेलच इथे, बहुधा मीच. तेवढी जागा आईनं आधीच बसून बसून मऊ केलेली असेल.